मूल झोपलं, तरी आपल्याला झोप का लागत नाही?

“मूल झोपलं की तूही झोपून घे.” मुलगी लहान असताना हा सल्ला मला भेटेल त्याने दिला. सल्ला चुकीचा नव्हता. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती झोपली की तिच्या मानेखालचा हात सोडवून घ्यायला मला दहा मिनिटं लागायची, एकेक बोट हळूहळू ओढत. हात मोकळा झाला की मी टक्क जागी. दिवसभर डोळ्यांवर झापड असायची, बसल्या जागी मान पडायची. आणि आता अंधार आहे, शांतता आहे, अंथरूण आहे, तर झोपेचा पत्ता नाही. दोन वाजता मनात हिशेब सुरू व्हायचा: आत्ता लागली तर चार तास मिळतील. पावणेतीनला पुन्हा तोच हिशेब: आता सव्वातीन तास.

एकट्याने लहान मूल सांभाळणाऱ्या कितीतरी जणांना हे कोडं पडतं. त्यात आया आहेत, बाबा आहेत, नातवंडाची जबाबदारी अंगावर आलेल्या आज्या आहेत. इतकं दमल्यावर पडल्या पडल्या झोप लागायला हवी, मग लागत का नाही?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. मूल रात्रीतून चार वेळा उठवतं म्हणून झोप पुरत नाही, हा झोपेचा तुटवडा. झोपायची संधी आहे, मूल शांत आहे, तरी डोळा लागत नाही किंवा मध्येच झोपमोड होऊन पुन्हा झोप येत नाही, हा निद्रानाश. आठवड्यातून किमान तीन रात्री असं होत असेल, ते तीन महिने चाललं असेल आणि दिवसाच्या कामावर, मनःस्थितीवर त्याचा परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. एकट्या पालकाच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन्ही एकदम येतात. आणि दोन्हींवरचे उपाय कधी कधी एकमेकांच्या उलटे असतात, म्हणून माणूस गोंधळतो.

झोप येते तरी कशी?

झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये याची एक सोपी मांडणी केली, ती आजही वापरली जाते. झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितकं जास्त साठेल तितकी झोपेची ओढ वाढते, आणि झोपलो की साठा उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंगातलं घड्याळ. दिवस कधी आणि रात्र कधी हे ते शरीराला सांगतं, आणि उजेडावर, विशेषतः सकाळच्या उजेडावर, ते रोज लावलं जातं.

जेवणाचंही असंच आहे. भूक लागलेली असावी आणि जेवणाची वेळही झालेली असावी, मग घास गोड लागतो. संध्याकाळी साडेसातला मुलाला थोपटता थोपटता तुमचाच अर्धा तास डोळा लागला, तर ते ताटावर बसायच्या आधी काहीतरी खाऊन घेतल्यासारखं झालं. अकरा वाजता झोपेची भूक मेलेली असते. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याचं घड्याळ अजून लागलेलंच नसतं. दिवसाला १४ ते १७ तास ते झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि दिवस-रात्रीचा फरक त्याच्या अंगात साधारण दोन ते चार महिन्यांच्या सुमारास रुजू लागतो. तोवर त्याची नाही तर तुमची वेळ मोडणार, हे धरूनच चालावं लागतं.

तिसरा कुणीतरी: आतला पहारेकरी

भूक आहे, वेळही झाली आहे, तरी एक गोष्ट या दोघांवर मात करू शकते. ती म्हणजे धोक्याची जाणीव. घरात साप शिरल्याचं कळलं तर दोन रात्री जागलेला माणूसही ताडकन उठून बसेल. शरीराची ही व्यवस्था सावध राहण्यासाठीच आहे आणि ती झोपेतही पूर्ण बंद होत नाही. १९६० मध्ये इयान ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना वेगवेगळी नावं ऐकवली. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला झोपलेला मेंदू जास्त प्रतिसाद देतो, असं त्यांना दिसलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट का लागत नाही, याचा अभ्यास मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला. मेंदूची एक बाजू त्या रात्री दुसरीपेक्षा अधिक सावध राहते, असं त्यात आढळलं.

आता एकट्या पालकाचा विचार करा. दोघं असतील तर एकाला मनातल्या मनात म्हणता येतं, “आज तू बघ.” पाळी बदलते. एकट्याला बदली मिळत नाही. ताप आला, मूल पलंगावरून पडलं, श्वासाचा आवाज वेगळा वाटला, दाराशी चाहूल लागली, तर उठणारं माणूस एकच. त्यामुळे आतला पहारेकरी जागेवरून हलत नाही. मूल झोपलं की उलट त्याचं काम वाढतं, कारण जागं मूल दिसतं, झोपलेल्या मुलाची फक्त चाहूल घ्यावी लागते.

हे मला कळलं तेव्हा खूप हलकं वाटलं. तोवर मी स्वतःला दोष देत होते, की झोपण्यासारखी साधी गोष्टही मला जमत नाही. शरीर बिघडलेलं नव्हतं. ते मुलीसाठी जागं होतं.

मग मूल मोठं झाल्यावर झोप आपोआप परत येईल ना?

तुटवडा बराच भरून निघतो, पण हळूहळू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिलं मूल झाल्यावर सहा वर्षांपर्यंतही पालकांची झोप आधीच्या पातळीवर पूर्णपणे आलेली नव्हती. सर्वांत वाईट काळ बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांचा. आणि हे सगळ्या पालकांचं, एकट्यांचंच नव्हे.

निद्रानाश मात्र मूल रात्रभर झोपू लागल्यावरही मागे राहू शकतो. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. काहींचा स्वभावच हलक्या झोपेचा असतो. त्यात एखादं निमित्त घडतं: बाळंतपण, विभक्त होणं, जोडीदाराचा मृत्यू, नोकरीतला ताण. आणि नंतर निद्रानाश टिकून राहतो तो आपण झोप मिळवण्यासाठी केलेल्या धडपडीवर. काडी कुणीही ओढलेली असो, आग धगधगत राहते ती नंतर घातलेल्या सरपणावर.

हे सरपण कोणतं? झोप मिळावी म्हणून मुलाबरोबर साडेआठलाच आडवं होणं आणि अकरापर्यंत छताकडे बघत राहणं. घड्याळ पाहून उरलेले तास मोजणं. सकाळी मूल जागं असतानाही शक्य तितकं लोळणं. शेजारी मूल उठू नये म्हणून कूसही न बदलता, श्वास रोखून पडून राहणं. यातली प्रत्येक गोष्ट त्या वेळी शहाणपणाची वाटते. पण महिनोन्महिने असं झालं की अंथरूण दिसताच मेंदूला झोप आठवत नाही, जागरण आठवतं. सोफ्यावर पेंगत असता, दिवा मालवून अंथरुणावर पाठ टेकली की झोप उडते. हे तुमच्या बाबतीत होत असेल तर ही खूण अगदी पक्की समजा.

पण एकूण तास तर भरतात! मग दिवसभर इतकं आंबल्यासारखं का?

झोप सलग असावी लागते. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं. त्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप येऊन जाते. मध्येच उठवलं की आवर्तन तुटतं. तेल अवीवमध्ये मिशल कान, अवी सादेह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना आठ तास अंथरुणात राहू दिलं, पण रात्रीतून चार वेळा दहा-पंधरा मिनिटं उठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती जवळजवळ तितकीच ढासळली होती, जितकी फक्त चार तास झोपू दिल्यावर ढासळली होती. आणि हे एकाच रात्रीचं. “आठ तास तर अंथरुणात होतीस” असं कुणी म्हटलं तर हा प्रयोग त्यांना जरूर सांगा.

मग करायचं काय?

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून झोपेचे तज्ज्ञ आता गोळी सुचवत नाहीत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट शिफारस केली की आधी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत वापरावी. ही काही आठवड्यांची शिकवणी असते आणि वर सांगितलेलं सरपण एकेक करून बाहेर काढते. पण ती मांडली आहे ती रात्री मोकळ्या असलेल्या माणसासाठी. एकट्या पालकाला तिच्यात मोडतोड करावी लागते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

या पद्धतीतला एक नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला: झोप येईल तेव्हाच अंथरुणात जा, बराच वेळ नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. अंथरुणाचं झोपेशी तुटलेलं नातं यानं पुन्हा जुळतं. पण खोली एकच असेल तर? मूल कुशीत असेल तर? तर खोलीतच एक जागा ठरवा, भिंतीला टेकून बसायची. मी अंथरुणाच्या दुसऱ्या टोकाला एक चटई टाकली होती. तिथे मंद पिवळा दिवा, आणि हातात एखादं साधं काम, जसं की मुलीचे धुतलेले छोटे मोजे जोडीजोडीने लावणं. मोबाइल नाही. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे जड झाले की परत जागेवर. पहिल्या आठवड्यात हे सगळं निरर्थक वाटतं, तरी करत राहावं लागतं.

घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, मोबाइल हाताच्या अंतरावर नको. किती वाजले हे कळल्याने कुणाला कधी झोप लागलेली नाही. मूल रात्री उठवेल तेव्हाही वेळ बघायची गरज नसते, औषधाची वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

मुलाबरोबर झोपायला जायची सवय मोडणं सर्वांत अवघड गेलं. मूल झोपल्यावर उठून बसायचं आणि खरी पेंग येईपर्यंत मंद उजेडात थांबायचं, म्हणजे दिवसातला एकमेव मोकळा वेळ झोपेवाचून घालवायचा. पण अंथरुणात जागं राहण्याचे दोन तास त्यानं वाचतात. एक इशारा इथेच देते. उपचारतज्ज्ञ याच कल्पनेचं कडक रूप वापरतात आणि झोपेचे तास मुद्दाम कमी करून मग वाढवत नेतात. घरात मुलासाठी तुम्ही एकटेच असाल तर हे स्वतःच्या मनाने करू नका. सुरुवातीचे दिवस झोप आणखी कमी होते, आणि अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल तर हा उपाय धोक्याचा आहे.

डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर ती कागदावर उतरवा. २०१८ मधल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. नऊ मिनिटं थोडी वाटतात. पण यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर, असंही त्यात दिसलं. “डॉक्टर” एवढं लिहून भागत नाही, “दहा वाजता फोन करून लसीची तारीख विचारणे” असं लिहायचं.

पहारेकऱ्याला उतरवायचं कसं?

वरचे उपाय सवयींवरचे आहेत. पहाऱ्यावरचा उपाय एकच: बदली मिळवणं. आठवड्यातून एकदा-दोनदा चार-पाच तासांची सलग झोप मिळाली तरी दिवस बदलतो. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. मदतीला आलेलं माणूस घरात नुसतं असून चालत नाही, जबाबदारी त्याच्याकडे गेलेली असावी लागते. माझी एक मैत्रीण शनिवारी दुपारी येऊ लागली. पहिल्या दोन वेळा मी आतल्या खोलीत पडून कान टवकारून ऐकत राहिले, मुलगी रडली की उठून बाहेर. तिसऱ्या वेळी मैत्रिणीने मुलीला बाहेर फिरायला नेलं आणि सांगितलं, “पाच वाजता येते, त्याआधी फोन करणार नाही. गरज पडली तर मात्र लगेच करीन.” मी दार लावलं, आणि जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकलेलं होतं.

मदत मागताना “कधी जमलं तर ये” असं म्हणू नका. लोकांना खरंच यायचं असतं, पण काय करायचं हे त्यांना कळत नाही. वार सांगा, वेळ सांगा, काम सांगा.

आणि कुणीच नसेल तर? असे लोक आहेत, आणि त्यांना “मदत घ्या” सांगून विषय संपवणं मला पटत नाही. तेव्हा पहारेकऱ्याला तपासायला काही उरणार नाही अशी तजवीज करायची. झोपण्याआधी ठरलेल्या क्रमाने एकच फेरी: दार, गॅस, औषधं वर ठेवलेली, पाणी आणि रात्री लागणारे कपडे हाताशी, डॉक्टरांचा नंबर दिव्याजवळ. मूल उठून फिरू लागलं असेल तर खोलीच अशी करा की ते उठलं तरी त्याला काही होणार नाही. मग रात्री मन विचारू लागलं की उत्तर तयार असतं: पाहून झालंय. फेरी एकदाच मारायची. दुसऱ्यांदा उठून पाहिलं की पहाऱ्याला पुन्हा काम मिळतं.

मुलाला एकट्याने झोपायला शिकवलं तर प्रश्न सुटेल?

तुटवड्याचा बराच सुटतो. मूल साधारण सहा महिन्यांचं झाल्यावर झोपायची ठरलेली वेळ आणि रोज तोच क्रम ठेवला, म्हणजे अंग पुसणं, कपडे, अंगाई, दिवा, तर अनेक मुलांचं रात्रीचं उठणं कमी होतं. पण निद्रानाश मुलाचा नाही, तुमचा आहे. मुलावर काम करताना स्वतःच्या सवयींवरही काम करा.

कॉफीवर दिवस ढकलला तर? आणि झोपेची गोळी?

कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. थकवा जात नाही, तो फक्त जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. चहा-कॉफी सकाळीच घ्या, दुपारनंतर नको. अंगावर पाजत असाल तर थोडं कॅफीन दुधातूनही जातं, आणि तान्ह्या बाळाच्या शरीरातून ते बाहेर पडायला फार वेळ लागतो.

गोळीचं उत्तर डॉक्टरच देतील, पण त्यांना विचारायचा प्रश्न मी सांगते: ही घेतल्यावर मूल रडलं तर मला जाग येईल का, आणि उठल्यावर मी त्याला सुरक्षित उचलू शकेन का? सर्दीची गुंगी आणणारी औषधंही याच हिशेबात येतात. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते. गुंगीत असताना तान्ह्या बाळाशेजारी झोपणं जिवावर बेतू शकतं. आधीपासून गोळी सुरू असेल तर मात्र ती एकदम बंद करू नका.

इथे तडजोड नको

सतरा ते एकोणीस तास सलग जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. तशातच काही सेकंदांची डुलकी येते, आणि ती आली हे आपल्याला कळतही नाही. म्हणून रात्र वाईट गेली असेल त्या दिवशी गाडी चालवू नका. बाळाची अंघोळ एक दिवस टाळली तर काही बिघडत नाही.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याला पाठीवर झोपवा, घट्ट आणि सपाट गादीवर, उशा आणि मऊ पांघरुणं दूर ठेवून, तुमच्याच खोलीत पण त्याच्या स्वतःच्या जागेवर. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. रात्री पाजताना पेंग येणार असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा उशा काढलेलं अंथरूण कमी धोक्याचं, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवा.

रडणं थांबत नाही आणि हात थरथरू लागले, राग डोक्यात गेला, तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. रडण्याने बाळाला इजा होत नाही. हिसडण्याने, गदागदा हलवण्याने होते. या क्षणाची लाज वाटून घेऊ नका, बाहेर जाणं हेच त्या वेळचं संगोपन आहे.

डॉक्टरांकडे कधी?

बाळंतपणानंतरच्या महिन्यांत बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, सोबत सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाला काही होईल अशी भीती पाठ सोडत नसेल, तर ते प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं किंवा चिंतेचं लक्षण असू शकतं. ते बाबांनाही होतं. आणि दोन-तीन रात्री झोप नसूनही थकवाच वाटत नाही, विचार भरधाव धावताहेत, नसलेले आवाज ऐकू येताहेत, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येताहेत, असं असेल तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी तातडीची मदत घ्या.

याशिवाय मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं हेही डॉक्टरांना सांगा. पायांच्या त्रासामागे अनेकदा लोहाची कमतरता असते आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते.

जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा. आडवं कधी झालात, साधारण झोप कधी लागली, किती वेळा उठलात, आणि त्यातलं मुलामुळे किती आणि आपोआप किती. अंदाज चालेल, घड्याळ बघू नका. आणि तपासणीच्या खोलीत “झोप येत नाही” म्हणताना पुढचं वाक्यही पहिल्याच मिनिटात बोला: “घरात रात्री मुलासाठी मी एकटीच असते.” औषध द्यायचं की नाही, कोणतं द्यायचं, झोपेचे तास कमी करणारा उपाय सुरू करायचा की नाही, हे सगळं या एका वाक्यावर ठरतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांना ते कळायला दुसरा मार्ग नाही.